टॉकीजचं मशीन

मांजरसुंब्याच्या चौकात ढाब्यांच्या रांगेमागे 'बद्रीनाथ रेफ्रिजरेशन' नावाचं एका गाळ्याचं दुकान आहे. पाटीवर नाव नवऱ्याचं असलं तरी गेली सहा वर्षं बाहेरची कामं वनमालाच करते. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून बद्रीनाथला वजन उचलता येत नाही. तो दुकानात बसून जळालेल्या मोटारी भरतो आणि वनमाला स्कुटीवर हत्यारांची पेटी बांधून ढाब्यांचे डीप फ्रीझर, दूध डेअऱ्यांचे कूलर, मंगल कार्यालयांचे एसी बघत फिरते. सुरुवातीला लोक तिच्या पाठीमागे बघायचे, मेकॅनिक अजून यायचाय का म्हणून. आता बघत नाहीत.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी साडेसहाला तिचा फोन वाजला.

"वनमालाताई का? मी मंगल बोलतेय, युसूफ वडगावच्या अलीकडं आमचं रेशमाचं सेंटर हाय. डेअरीवाल्या भाऊनं तुमचा नंबर दिला. ताई, आमचा एसी दोन दिसापासून चालंना. आतमधी किडे हायत. आज जर न्हाई झालं तर..."

वनमालाने विचारलं, "कोणता एसी हाय? भिंतीवरचा का?"

"न्हाई वो. लई मोठा हाय, कपाटावानी. जुना. टॉकीजचा."

"कुणी बघितला का आधी?"

"काल शहरातून एकजण आलता. अर्धा तास बघितलं आन् म्हनला, कॉम्प्रेसर गेलाय, भंगारात घाला. याचे पार्ट आता मिळत न्हाईत, कंपनीच बंद पडली म्हनला."

वनमालाने दोन क्षण विचार केला. टॉकीजचं मशीन तिने आजवर एकदाच उघडं बघितलं होतं, तेही शिकत असताना, बीडच्या आयटीआयमध्ये, बंद अवस्थेत. पण समोरच्या बाईचा आवाज असा होता की नाही म्हणायला जीभ उचलेना.

"येते," ती म्हणाली. "तोवर खोलीची दारं उघडू नका. बाहेरून गोणपाट ओलं करून टाका."

*

केज ओलांडून ती पोचली तेव्हा साडेआठ वाजले होते आणि ऊन आत्ताच डोळ्यांवर येत होतं. तुतीच्या दीड एकराच्या कडेला पत्र्याची लांब शेड, तिला जोडून एक पक्की खोली. खोलीच्या भिंतींना ओली पोती लावलेली. एक म्हातारी बाई तांब्यातांब्याने त्यांच्यावर पाणी मारत होती. ती मंगलची सासू, वत्सलाबाई.

मंगल पस्तिशीची, काटक. डोळ्यांखाली काळं आलेलं. तिने वनमालाला पाय धुवायला लावले, चपला बाहेर काढायला लावल्या आणि मग दार किलकिलं करून आत घेतलं.

आत एकावर एक ट्रे रचलेले होते, छातीएवढ्या उंच चळती. मंगलने वरचा कागद उचलून दाखवला. बारीक चिरलेल्या तुतीच्या पानांवर राखाडी अळ्या होत्या, तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. शेकड्याने. बऱ्याचशा हलत नव्हत्या. पानं कडेने कोमेजली होती.

"मेल्या का?" वनमालाने हळूच विचारलं.

"मेल्या न्हाईत. सुस्त पडल्यात. यांला सत्तावीस-अठ्ठावीस डिग्री लागती. तेबी लहानपणीच. मोठे झाले की जरा सोसतेत. आमचं कामच ते हाय ताई, अंडी आणायची, उबवायची, दोनदा कात टाकूस्तवर सांभाळायचे आन् मग शेतकऱ्याला द्यायचे. आठ-नऊ दिसाचं बाळंतपण." तिने भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बोट केलं. पारा साडेबत्तीसवर होता. "उद्या यांचा दुसऱ्या कातीचा दिवस. अशा गरमीत कातीवर बसले तर निम्मे उठायचे न्हाईत."

"किती जणांचे हायत?"

"अठरा घरांचे."

मंगल आणि तिचा नवरा अजिनाथ यांनी बारा हंगाम ऊस तोडला होता. दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार टाकायचा आणि चैत्रात परतायचं. तीन वर्षांपूर्वी मंगलने रेशीमचं प्रशिक्षण घेतलं, शेतात तुती लावली आणि हे केंद्र काढलं. त्यानंतर दोघं गाव सोडून गेले नव्हते. लातूरची एक टॉकीज पाडली तेव्हा अजिनाथने तिथलं एसीचं मशीन भंगाराच्या ढिगातून उचलून आणलं होतं. दहा टनाचं. आधी लोक हसले. पण त्याच मशीनवर मंगलच्या अळ्या सारख्या वाढत गेल्या, एका दिवशी कात टाकत गेल्या, आणि पार अंबाजोगाईपासून शेतकरी तिच्याकडे नोंदणी करायला लागले.

हे सगळं मंगलने एका दमात सांगितलं आणि म्हणाली, "ह्या बॅचला दगा झाला ना ताई, तर पुढच्याला कोण येईल? मला परत कोयता हातात घ्यायचा न्हाई."

"मशीन दाखवा," वनमाला म्हणाली.

*

मशीनचे दोन भाग होते. खोलीत लोखंडी कपाटाएवढा एक डबा, त्यात थंड जाळी आणि हवा फेकणारा ब्लोअर. शेडमागे दुसरा डबा, त्यात दोन कॉम्प्रेसर, तिन्ही बाजूंनी गरम जाळी आणि वर मोठा पंखा. दोन कॉम्प्रेसरपैकी एक टॉकीजमध्येच मेलेला होता. दुसऱ्या एकट्यावर आजवर काम भागलं होतं. डब्यावरची पाटी गंजून गेलेली, आतल्या वायरिंगचा नकाशा उंदरांनी खाल्लेला.

"चालू केलं की काय होतं?" तिने अजिनाथला विचारलं. तो उंच, अबोल माणूस होता. बायकोच्या मागे दोन पावलं उभा राहायचा.

"चालतं. पाच-दहा मिनिटं चालतं. मग कॉम्प्रेसर बंद पडतो. लई तापतो. अर्ध्या तासानं आपोआप सुरू होतो आन् परत बंद."

"कधीपासून?"

"बॅच सुरू केल्यापासून गारवा कमीच होता जरा. मंगलला वाटलं, ऊन वाढलंय म्हणून. परवा बेचाळीस झालं आन् मग एकदम बंदच पडायला लागलं."

वनमालाने डबा उघडला. पहिली गोष्ट दिसली ती एक ताजी लाल वायर. कालच्या मेकॅनिकने प्रेशर स्विच काढून टाकून लाईन डायरेक्ट केली होती. गॅसचा दाब हद्दीबाहेर गेला की मशीन बंद करणारा तो स्विच. तोच बाजूला टाकल्यामुळे कॉम्प्रेसर जीव जाईस्तोवर चालायचा आणि आतून तापून बंद पडायचा.

"हे त्यानं बरं न्हाई केलं," ती म्हणाली. "आणखी दोन दिवस असं चाललं असतं तर खरंच गेला असता कॉम्प्रेसर."

"म्हंजी गेलेला न्हाई?" मंगलने पटकन विचारलं.

"अजून तरी न्हाई."

मंगलने पदराने तोंड पुसलं. वनमालाने लाल वायर काढली, स्विच होता तसा जोडला, दोन्ही नळ्यांना गेज लावले आणि मशीन सुरू केलं. पहिली दोन मिनिटं सगळं ठीक. मग जास्त दाबाच्या गेजची सुई चढायला लागली. तीनशे. तीनशे वीस. तीनशे साठ. चारशेच्या अलीकडे स्विचने टक् केलं आणि मशीन गप झालं. सहा मिनिटं.

आता निदान मशीन खरं बोलत होतं. दाब वाढतोय. का वाढतोय ते शोधायचं.

तिने तिन्ही फेज मीटरने मोजल्या. येणारी लाईन बरोबर होती, पण कॉम्प्रेसरची लाईन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या पुढे एका फेजला व्होल्टेज कमी भरत होतं. कॉन्टॅक्टर उघडला तर एक पॉइंट जळून काळा ठिक्कर. असला कॉन्टॅक्टर आता बाजारात मिळणं शक्य नव्हतं. मग तिची नजर मेलेल्या कॉम्प्रेसरकडे गेली. त्याचा कॉन्टॅक्टर तसाच शेजारी बसलेला होता, कित्येक वर्षं न वापरलेला. तिने तो काढला, पॉलिश पेपरने घासला आणि इकडे बसवला. पाऊण तास गेला. व्होल्टेज तिन्हीकडे सारखं आलं. कॉम्प्रेसरचा आवाजही सुधारला.

तरी सहाव्या मिनिटाला टक्.

"गरम जाळी कधी धुतलीय?" तिने विचारलं.

"मागच्या बॅचला धुतलती," अजिनाथ म्हणाला.

जाळीच्या बाहेरच्या अंगाला धूळ, तुतीच्या पानांची कुसं, कुठून तरी उडून आलेला कापूस, सगळ्याचा पातळ थर बसला होता. वनमालाने तो ब्रशने काढला, मग पाइपाने पाणी मारून जाळी आरपार दिसेपर्यंत धुतली. मशीन नऊ मिनिटं चाललं. मंगलच्या चेहऱ्यावर थोडं ऊन पडल्यासारखं झालं. दहाव्या मिनिटाला टक् झालं आणि ते मावळलं.

"त्या माणसानं गॅस भरलता का काल?"

"भरला की. कमी हाय म्हनला."

जास्त गॅसनेही दाब वाढतो. वनमालाने रिकाम्या सिलिंडरमध्ये थोडा थोडा गॅस काढून घेतला आणि पुन्हा बघितलं. अकरा मिनिटं. त्याहून पुढे नाही. खोलीचा पारा तेहतीसवर गेला होता.

साडेबारा वाजले. पत्रा तापून तडतडत होता. वनमाला डब्याच्या सावलीत उकिडवी बसली आणि समोर बघत राहिली. मंगल पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"ताई, खरं सांगा. काय झालंय त्याला?"

"खरं सांगू? मला अजून कळलं न्हाई."

मंगल शेजारी बसत म्हणाली, "तो माणूस अर्ध्या तासात सांगून गेला. तुमी चार तास बसलात आन् म्हनताय कळलं न्हाई. मला तुमचंच खरं वाटतंय."

*

तेवढ्यात रस्त्यावर बुलेट थांबली. तानाजी आला होता, शेजारच्या गावचा बागायतदार. या बॅचमधला सगळ्यात मोठा वाटा त्याचा. वडील सुंदरराव पंचवीस वर्षं सरपंच होते, त्यामुळे तानाजी जे बोलेल ते चार गावांत पोचायचं.

"मंगल, आमचे किडे बघावं म्हनलं. सोमवारी न्यायचेत ना?"

अजिनाथ पुढे होऊन म्हणाला, "कातीवर बसायलेत भाऊ, आज दार उघडता येत न्हाई." ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मंगलने नवऱ्याकडे बघितलं. मग ती उठली.

"या भाऊ आत. पाय धुवा."

तिने त्याला आत नेलं, थर्मामीटर दाखवला, ट्रे उचलून सुस्त अळ्या दाखवल्या. "मशीन बिघडलंय. दोन दिस झाले. ताई सकाळपासून खपायल्यात. झालं तर झालं, न्हाई तर तुमाला नवी बॅच करून देईन, पण ह्यातले कमजोर किडे गुपचूप तुमच्या गळ्यात बांधायची न्हाई."

तानाजीने एक अळी पानासकट तळहातावर घेतली, बघितली, परत ठेवली. काहीएक न बोलता तो बाहेर आला, बुलेटला किक मारली आणि निघून गेला.

"झालं," अजिनाथ म्हणाला. "आता सांजच्यापर्यंत समद्या गावाला कळतंय. कावून सांगितलंस?"

"कधी तरी कळणारच की," मंगल म्हणाली, पण तिचा आवाज फुटला होता.

वत्सलाबाईंनी पाण्याची कळशी खाली ठेवली. "आधी जेवा सगळे," त्या म्हणाल्या. "उपाशीपोटी मशीन दुरुस्त होत न्हाई आन् रडायबी येत न्हाई नीट."

लिंबाखाली त्यांनी भाकरी, पिठलं आणि कांदा वाढला. वनमालाला भूक नव्हती, पण बसली. भाकरी मोडता मोडता ती दूर बोअरच्या पाइपातून तुतीत पडणाऱ्या पाण्याकडे बघत होती. धार चांगली जाड होती.

"पाणी बरं हाय तुमच्या बोअरला," ती काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"आत्ता बरं हाय," अजिनाथ म्हणाला. "मधी धारच येईना. डीपी जळाली ना आमची, खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, पंधरा दिस झाले. नवी बसवली आन् समद्यांच्या मोटारी उलट्या फिराय लागल्या. फेज इकडच्या तिकडं झाल्या. मग स्टार्टरला दोन वायरी अदलाबदल केल्या, तवा पाणी आलं."

वनमालाचा घास हातातच राहिला.

"डीपी बदलली? कधी? ही बॅच आणायच्या आधी?"

"आधीच की. दोन दिस आधी."

"आन् एसीच्या वायरी बदलल्या का तुमी?"

"एसीच्या? न्हाई. एसी तर चालतच होता. हवा यायची की त्याला."

वनमाला उठली. हात तसाच भाकरीचा. ती शेडमागे गेली, अजिनाथला मशीन सुरू करायला सांगितलं आणि गरम जाळीसमोर उभी राहिली. गरम वारा तिच्या अंगावर येत होता. सकाळपासून येत होता. तिला वाटलं होतं की जुनी बनावट अशीच असेल. पण धूळ? धूळ जाळीच्या बाहेरच्या अंगाला होती, तिने स्वतः ब्रशने काढली होती. बाहेरची हवा आत ओढली गेली तरच धूळ बाहेरून बसते. म्हणजे जाळीतून हवा आत जायला हवी आणि वरच्या पंख्यातून बाहेर पडायला हवी.

तिने पेटीतून वर्तमानपत्राचा तुकडा काढला आणि पंख्याच्या जाळीवर धरला. उडून जायच्या ऐवजी कागद जाळीला चिकटून बसला.

"अजिनाथदादा," तिने हाक मारली, "तुमच्या बोअरच्या मोटारीला जे झालतं, तेच याला झालंय. पंखा उलटा फिरतोय."

तो धावत आला. मंगलही आली. वनमाला बोलताना स्वतःच्याच कपाळावर हात मारत होती. "कॉम्प्रेसर जुन्या पद्धतीचा हाय, उलटा फिरला तरी दाब देतो. म्हणून कुणाला संशय आला न्हाई. नवीन मशीन असतं तर पहिल्या दिवशीच किंचाळलं असतं. पण पंख्याला आन् आतल्या ब्लोअरला फरक पडतो. आतला ब्लोअर उलटा असला तरी हवा पुढंच टाकतो, पण निम्मीच. तुमाला वाटलं ऊन वाढलंय. आन् बाहेरचा पंखा गरमी काढायच्या ऐवजी तिथंच घोळवायला लागला. सदतीस-अडतीस डिग्रीत कसंबसं भागलं. बेचाळीसला दम संपला."

"मग आता?" मंगलने विचारलं. "पार्ट आणावा लागंल का?"

"पार्ट काय न्हाई. दोन वायरी."

*

मेन स्विच पाडून, टेस्टरने तीनदा खात्री करून वनमालाने मशीनकडे जाणाऱ्या तीनपैकी दोन वायरी सोडवल्या आणि एकमेकींच्या जागी बसवल्या. स्क्रू आवळले. चार मिनिटांचं काम. मग तिने पंख्याच्या जाळीवर तोच कागद ठेवला आणि अजिनाथला खूण केली.

पंखा घरघरला आणि कागद सरळ वर उडाला. लिंबाच्या खालच्या फांदीत जाऊन अडकला.

त्याच वेळी खोलीतून मंगलचा ओरडा आला. वनमाला दाराशी धावली. मंगल ब्लोअरच्या तोंडासमोर उभी होती, पदर वाऱ्याने मागे उडालेला, ट्रेवरचे कागद फडफडत होते, आणि ती दोन्ही हातांनी ते दाबून धरत हसत होती. "लई जोरात येतीय ताई! लई जोरात! पहिल्यासारखी!"

"थांबा, नाचू नका अजून," वनमाला म्हणाली. "गेज बघू दे."

ती परत डब्यापाशी येऊन बसली. सुई तीनशेच्या खाली होती. सहावं मिनिट आलं, गेलं. नववं गेलं. अकरावं गेलं. अजिनाथ तिच्या शेजारी उकिडवा बसून सुईकडे असा बघत होता की जणू डोळे मिटले तर ती चढेल. पंधरा मिनिटं. वीस. सुई दोनशे सत्तरच्या आसपास थोडी थरथरत होती, एवढंच. मघाशी काढलेला गॅस तिने थोडा परत सोडला आणि पुन्हा बघितलं. आतल्या बाजूच्या नळीवर घाम धरायला लागला. वनमालाने त्या नळीला हात लावला. थंडगार.

"धरा," ती अजिनाथला म्हणाली.

त्याने नळीला हात लावला आणि तो तसाच ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मला वाटलं व्हतं, आता दिवाळीला ट्रॉली भरावी लागंल." एवढं बोलून तो उठला आणि उगाचच बोअरकडे चालत गेला.

तीनच्या सुमाराला रस्त्यावर टेम्पो थांबला. पुढे बुलेटवर तानाजी. टेम्पोत भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या.

"केजला गेलतो," तो गाडीवरून उतरत म्हणाला. "एक फॅक्टरी बंद, दुसरीवर रांग. म्हणून उशीर झाला. खोलीत घमेल्यात ठेवा, तेवढाच गारवा." मग त्याने शेडमागून येणारा पंख्याचा एकसुरी आवाज ऐकला. "चालू झालं की काय?"

"झालं," मंगल म्हणाली. सकाळपासून कोरडे राहिलेले डोळे आत्ता भरून आले. "भाऊ, मला वाटलं तुमी रागानं गेलात."

"राग कसला? दुसरा असता तर मला खोलीत घेतलंच नसतं." तानाजीने लाद्यांकडे बघितलं. "आता ह्या बर्फाचं काय करायचं?"

"ठेवा खाली," वत्सलाबाई म्हणाल्या. "दोन घमेली आत ठिवू, लवकर उतरंल गरमी. राहिलेल्याचं सरबत करते मी. दोन दिस झाले, या घरात कुणी गार पाणी पिलेलं न्हाई."

पाचला पारा अठ्ठावीसवर आला. मंगलने ओल्या गोणपाटाने झाकून ठेवलेली ताजी पानं बारीक चिरून घातली आणि ट्रेवर वाकून उभी राहिली. सुरुवातीला काही नाही. मग एका अळीने डोकं उचललं. शेजारच्या दुसरीने उचललं. थोड्या वेळाने चिरलेल्या पानांच्या कडा बारीक बारीक कुरतडलेल्या दिसायला लागल्या. मंगल एक ट्रे बघायची, दुसरा बघायची, परत पहिल्याकडे यायची. शेवटी ती भिंतीला टेकून खाली बसली आणि बसल्या जागी झोपली. तोंड किंचित उघडं, हातात अजून तुतीचं एक देठ. वत्सलाबाईंनी सगळ्यांना हाताने गप्प राहायची खूण केली आणि त्या दाराबाहेर बसून राहिल्या. कुणाला आत जाऊ देईनात, वनमालालाही नाही.

"झोपू द्या तिला," त्या कुजबुजल्या. "दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई लागला लेकराच्या."

वनमालाने हत्यारं पुसून पेटीत भरली. मग तिने अजिनाथकडे ऑइलपेंट मागितला. शेडच्या दारं-खिडक्यांचा निळा उरला होता. तिने पंख्याच्या डब्यावर एक मोठा बाण काढला आणि मेन स्विचच्या डब्यावर लिहिलं: 'डीपी बदलली की आधी बाण बघा.'

"मी सकाळीच कागद लावून बघायला पाहिजे होता," ती अजिनाथला म्हणाली. "चार तास वाया घालवले."

"वाया कसले? ती लाल वायर तुमी काढली नसती तर मशीनच जळालं असतं. आन् तो कॉन्टॅक्टर." त्याने विचारलं, "दुसरा कॉम्प्रेसर, तो मेलेला, तो कधी जिता व्हईल का वो ताई?"

"बघू की. पावसाळ्यात सवडीनं येते. आता याला एकट्याला सांभाळा."

निघताना वत्सलाबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ आणि एक ब्लाऊज पीस घातला. मांजरसुंब्याची सून म्हणून घातला की मेकॅनिक म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही. वनमालानेही विचारलं नाही. तिने पदर पुढे केला आणि वाकून नमस्कार केला. तिच्या हातांना अजून ग्रीसचा वास येत होता.

परतीच्या रस्त्यावर ऊन उतरलं होतं. स्कुटीवर वारा गरमच लागत होता, पण खांदे हलके वाटत होते. केजच्या पुढे एका झाडाखाली गाडी थांबवून तिने बद्रीनाथला फोन लावला आणि सगळं सांगितलं, कागद फांदीत अडकल्यापर्यंत. पलीकडे तो एवढा हसला की मणक्याला हात लावून थांबावं लागलं.

"डीपी," तो म्हणाला. "आगं, आपल्या दुकानात महिन्याला चार शेतकरी येतेत, मोटर उलटी फिरती म्हणून."

"माहितीय. म्हणूनच तर कुणाच्या डोक्यात आलं न्हाई."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती एका ढाब्याच्या फ्रीझरमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसली होती, तेव्हा मंगलचा फोन आला. मागे बरीच माणसं बोलत होती, ट्रे आपटल्याचे आवाज येत होते.

"ताई, उठले समदे! सकाळी कात टाकून उठले, एकदमच! वरच्या चार ट्रेमधले गेले, ते मी बाजूला काढले. बाकीचे अठरा घरचे आत्ता घेऊन चाललेत. तानाजीभाऊनं आपले आधी न्हाई नेले, सगळ्यात शेवटी नेतो म्हनला."

"आन् मशीन?"

"चालू हाय. अवो, आत इतकं गार झालंय की आत्याबाई शाल घेऊन बसल्यात."

वनमालाला हसू फुटलं. ढाब्याचा मालक काउंटरवरून बघायला लागला, तशी तिने फोन खांद्यात धरला आणि फ्रीझरचा स्क्रू आवळत म्हणाली, "मग जरा वाढवा की बटन. शाल घेऊन कोण किडे सांभाळतं?"